रेल्वेत नाही, गाडीत

लांबच्या प्रवासाचे ठरले की आपल्या घरांत तिकिटाआधी डब्याची चर्चा सुरू होते. सुका खिमा दुसऱ्या दिवसापर्यंत टिकेल का, पराठे किती करायचे, अंडी उकडून न्यायची का, लोणचे कोणत्या बरणीत भरले तर सांडणार नाही. यात काटकसर असते, घरच्या चवीची ओढ असते आणि एक शंकाही असते की गाडीतले खाणे आपल्याला चालेल की नाही. पण डबा कितीही भरगच्च असला तरी पहाटे पाच वाजता "चाय, चाय गरम" ही हाक आली की वरच्या बर्थवरची चादर हलतेच. थर्मासमधला चहा तोपर्यंत कोमट होऊन गेलेला असतो.

हाक कानात राहते, हाक देणारा माणूस मात्र कोणाच्या लक्षात राहत नाही. माझ्या लक्षात राहिला, कारण ते माझे अब्बा होते.

आमचे घर भुसावळचे. इथे प्रत्येक गल्लीत कोणी ना कोणी रेल्वेत असतो. कोणी लोको शेडमध्ये, कोणी गार्ड, कोणी पॉइंट्समन. अब्बांची नोकरी रेल्वेची नव्हती, एका कंत्राटदाराची होती. १९८६ ते २०११ अशी पंचवीस वर्षे ते मुंबईहून हावड्याकडे जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या पॅन्ट्रीत होते. मुंबईला चढायचे, दुसऱ्या टोकाला उतरून काही तास पाय लांब करायचे आणि परतीच्या गाडीत पुन्हा कॅन उचलायचा. एका फेरीला चार-पाच दिवस लागत. गाडी भुसावळला आठ-दहा मिनिटे थांबायची. तेवढ्या वेळात मी आणि माझा भाऊ फलाटावर जाऊन त्यांना धुतलेले कपडे आणि अम्मीने दिलेला डबा देत असू. सगळ्या गाडीला जेवू घालणाऱ्या माणसाला घरून डबा पोहोचवावा लागतो, याचे तेव्हा आम्हाला हसू यायचे.

पॅन्ट्रीचा डबा बहुधा गाडीच्या मध्यावर असतो. तिथून शेवटच्या डब्यापर्यंत जायचे, परत यायचे, कॅन भरायचा आणि दुसऱ्या बाजूला निघायचे. दहा-बारा लिटरचा स्टीलचा कॅन, खाली तोटी, दुसऱ्या हातात कपांची चळत. भरलेला कॅन बारा-पंधरा किलोचा होतो. इतके वजन घेऊन हलत्या गाडीत चालताना कशाला धरायची सोय नसते, कारण दोन्ही हात गुंतलेले असतात. अब्बा सांगायचे, तोल हाताने नाही, गुडघ्याने सांभाळायचा. दोन डब्यांच्या मधल्या पत्र्यावर पाय कधी टाकायचा हे त्यांना चाकांच्या आवाजावरून कळायचे. लालूप्रसाद यादव २००४ मध्ये रेल्वेमंत्री झाले आणि त्यांनी गाड्यांत मातीचे कुल्हड आणले. लोकांना ते फार आवडले. कुंभारांना काम मिळाले म्हणून अब्बांनाही आनंद झाला. फक्त ते म्हणाले, "कागदी कप शंभर घेतले तरी हाताला कळत नाही. हे वीस घेतले की खांद्याला कळते."

पगार नावाला होता. खरी कमाई विक्रीवरच्या कमिशनची. पॅन्ट्रीतून माल मोजून मिळायचा आणि परत आल्यावर मोजून हिशेब द्यावा लागायचा. भरलेला प्रत्येक कप विकला गेला असेच धरले जायचे. गाडीच्या हिसक्याने सांडलेला, कोणी मागवून न घेतलेला, कोणी पैसे न देता उतरून गेलेला, असा प्रत्येक कप अब्बांच्या नावावर पडायचा.

प्रवाशांची आणि पॅन्ट्रीवाल्यांची भांडणे बहुतेक इथूनच सुरू होतात. ज्याचे कमिशन अपुरे, तो ते कुठून तरी भरून काढतो. पाच रुपयांच्या चहाला दहा सांगायचे, "सुट्टे नाहीत साहेब" म्हणून तीन रुपये परत करायचे नाहीत, पाण्याच्या बाटलीवर छापील किमतीपेक्षा चार रुपये जास्त घ्यायचे. अब्बांच्या पॅन्ट्रीतही हे चालायचे. मॅनेजर उघड सांगायचा की वरचे पैसे अर्धे तुझे, अर्धे माझे. अब्बांनी हे केले नाही. म्हणून त्यांना सर्वांत लांबचे डबे मिळायचे, जिथे पोहोचेपर्यंत चहा निवायचा आणि लोक कुरकुरायचे. अम्मी प्रत्येक फेरीआधी किराणा दुकानातून चिल्लर आणून एका कापडी पिशवीत बांधून द्यायची. ती पिशवी कमरेला लावूनच अब्बा निघायचे. सुट्टे नाहीत, असे त्यांना कधी म्हणावेच लागू नये, एवढाच त्या पिशवीचा उपयोग होता.

जेवणाची ऑर्डर घेताना आपल्या लोकांकडून एक प्रश्न नेमाने यायचा. अब्बांची दाढी पाहून, छातीवरच्या पट्टीवरचे नाव वाचून, लोक हळूच विचारायचे, "चाचा, चिकन हलाल आहे ना?" दुसरा कोणी असता तर मान हलवून ऑर्डर लिहून घेतली असती. चिकनच्या थाळीवर कमिशन जास्त होते. अब्बांचे उत्तर ठरलेले होते, "कोंबडी कापताना मी पाहिलेली नाही. खात्री हवी असेल तर अंडा करी घ्या." मॅनेजरने एकदा सुनावले की तुझ्याच जातीची माणसे, त्यांना हो म्हणायला तुझे काय जाते? त्या रात्रीची गोष्ट घरी सांगताना अब्बा जे बोलले ते आमच्या घरात आजही बोलले जाते, "कोंबडी हलाल आहे का, हे सगळे विचारतात. बाटलीवरचे वरचे चार रुपये हलाल आहेत का, हे कोणी विचारत नाही. ते मला स्वतःलाच विचारावे लागते."

छातीवरच्या त्या पट्टीची दुसरी बाजूही होती. नागपूरच्या पुढे एका प्रवाशाने चहा मागितला. अब्बांनी कप भरून पुढे केला. घेता घेता त्याचे लक्ष नावाकडे गेले आणि त्याने हात मागे घेतला. "नको, राहू दे," एवढेच म्हणाला. भांडण नाही, शिवी नाही. अब्बांनी तो कप स्वतःच पिऊन टाकला आणि पुढे गेले. मी विचारले, "तुम्हाला वाईट नाही वाटले?" ते म्हणाले, "वाटले. पण कप भरला होता, पैसे मलाच भरायचे होते. पैसे भरलेला चहा वाया कशाला घालवू?" मग थोडे थांबून म्हणाले, "दिवसाला शेकडो कप जातात. त्यातला एक परत आला. मोजायचेच असेल तर दोन्ही मोज."

हा हिशेब समजून घ्यायला थोडे मागे जावे लागते. इंग्रजांच्या काळात आपल्या स्टेशनांवर 'हिंदू पाणी' आणि 'मुसलमान पाणी' अशा वेगळ्या हाका असायच्या. पाणी वाटणारी माणसे वेगळी, भांडी वेगळी, चहासुद्धा वेगळा. स्वातंत्र्यानंतर त्या हाका बंद झाल्या. आता सगळ्या गाडीला एकाच कॅनमधून, एकाच तोटीचा चहा मिळतो. कोण पितो, कोणी भरला, हे शंभरातल्या नव्याण्णव लोकांच्या डोक्यातही येत नाही. ही फार मोठी कमाई आहे आणि ती भाषणांनी झालेली नाही. पहाटेच्या थंडीत चहा हवा असणाऱ्या माणसांनी आणि तो घेऊन येणाऱ्या माणसांनी ती रोज थोडी थोडी केलेली आहे.

रमजानमध्ये अब्बांची फेरी चुकत नसे. प्रवाशाला रोजा न ठेवण्याची मुभा आहे. राहिलेले रोजे नंतर पूर्ण करता येतात. अब्बा म्हणायचे, "मुभा आहे हे खरे, पण माझा तर जन्मच प्रवासात चाललाय. नंतर कधी ठेवू?" जमेल तेवढे रोजे ते गाडीतच ठेवायचे आणि विदर्भातल्या उन्हाने ज्या दिवशी अंग मोडून निघायचे त्या दिवसाचा रोजा घरी आल्यावर कजा म्हणून ठेवायचे. दिवसभर तोंडात थेंब न घालता ते इतरांना पाणी विकत फिरत. इफ्तारच्या वेळी पॅन्ट्रीतला एक बिहारी सोबती न सांगता त्यांचा कॅन आपल्या हातात घ्यायचा. दहा मिनिटे तो दोघांचा धंदा करायचा आणि अब्बा दाराजवळ उभे राहून खजूर आणि पाण्याने रोजा सोडायचे. छठपूजेला तो सोबती गावी जायचा तेव्हा अब्बा त्याची फेरी करायचे. हे ठरवून झालेले नव्हते. एकाने एकदा केले, दुसऱ्याने लक्षात ठेवले.

माझ्या लग्नाचे बोलणे सुरू झाले तेव्हा या नोकरीची खरी परीक्षा झाली. स्थळ चांगले होते. मध्ये पडलेल्या खालाने "मुलीचे वडील रेल्वेत आहेत" असे सांगून ठेवले होते. भुसावळमध्ये या वाक्याला वजन आहे. रेल्वेत म्हणजे क्वार्टर, पास, पेन्शन. मुलाच्या चाचांनी सहज विचारले, "रेल्वेत कोणत्या पोस्टवर?" खालाने अब्बांकडे पाहिले. अम्मीने जमिनीकडे पाहिले. अब्बा म्हणाले, "रेल्वेत नाही, रेल्वेच्या गाडीत. चहा आणि जेवण विकतो." पुढचे दहा मिनिटे शीरखुर्मा फार गोड झालाय आणि उन्हाळा लवकर लागलाय यावर बोलणे झाले. पाहुणे गेले ते परत आले नाहीत.

अम्मी आठ दिवस अब्बांशी धड बोलली नाही. तिचेही चूक नव्हते. खोटे काही सांगायचे नव्हते, फक्त थोडे गप्प बसायचे होते, असे तिचे म्हणणे. अब्बांचे म्हणणे असे की जे ऐकून माणसे उठून जातात, ते लग्नानंतर कळले तर मुलीला रोज ऐकावे लागेल. पुढे दीड वर्षाने माझे लग्न मनमाडला झाले. माझे सासरे एका बेकरीत पाव भाजायचे. पहिल्याच भेटीत त्यांनी अब्बांना विचारले, "कॅन कोणत्या खांद्यावर घेता?" अब्बांनी उजवा खांदा दाखवला. सासऱ्यांनी आपल्या भट्टीने भाजलेल्या मनगटावरचे डाग दाखवले. बोलणे तिथेच पक्के झाले, असे मला वाटते.

२०११ च्या हिवाळ्यात गाडीच्या एका जोराच्या हिसक्याने उकळता चहा अब्बांच्या पायावर सांडला. घोट्यापासून वर सगळी कातडी गेली. कंत्राटदाराने मलमाचे पैसे दिले आणि त्या फेरीचे उरलेले पैसे कापले. भविष्यनिर्वाह निधी नव्हता, कामावर असल्याचा धड कागदही नव्हता. त्या वर्षांत वर बरेच काही बदलत होते. रेल्वेच्या खानपानासाठी १९९९ मध्ये आयआरसीटीसी हे महामंडळ निघाले. २०१० च्या धोरणाने काम पुन्हा विभागीय रेल्वेकडे गेले आणि २०१७ मध्ये परत महामंडळाकडे आले. पाट्या बदलल्या, गणवेशाचे रंग बदलले. कॅन उचलणाऱ्याचे कमिशन आणि त्याच्या नावावर पडणारा सांडलेला कप, हे मात्र अब्बांनी पंचवीस वर्षे तसेच पाहिले.

मागच्या वर्षी मी मनमाडहून मुंबईला वंदे भारतने गेले. तिथे चहा-नाश्ता चाके असलेल्या ट्रॉलीवरून येतो. वीस-बावीस वर्षांचा मुलगा ट्रॉली ढकलत होता. गरम पाणी, चहाची पुडी, बिस्किटे, सगळे नीट लावलेले. खांद्यावरचे ओझे चाकांवर आले हे पाहून मला मनापासून बरे वाटले. पण मधल्या वाटेत कोणाची बॅग होती, कोणाचे पाय होते, एक लहान मूल बसले होते. तो प्रत्येक ठिकाणी थांबून विनंती करत होता आणि मागून कोणीतरी ओरडत होते, "अरे, आमचा चहा कधी?" चाके आली, पण घाई त्याच्याच वाट्याला राहिली.

आपण प्रवाशांनी आपला हक्क नक्की ओळखावा. मेल-एक्स्प्रेस गाडीत साधा चहा ५ रुपयांचा आणि टी-बॅगचा १० रुपयांचा आहे. शाकाहारी थाळी गाडीत ८० रुपयांना मिळते. तिच्यात १५० ग्रॅम भात, १५० ग्रॅम घट्ट डाळ, १०० ग्रॅम भाजी, दोन पराठे किंवा चार पोळ्या, ८० ग्रॅम दही आणि लोणचे असायला हवे. अंडा करीची थाळी ९० रुपये, चिकन करीची १३०. एक लिटर रेल नीरची बाटली सप्टेंबर २०२५ पासून १४ रुपयांना आहे. जास्त मागितले तर पावती मागा. पावती नाही तर पैसे नाहीत, हा रेल्वेचाच नियम आहे. तरीही कोणी ऐकले नाही तर १३९ वर तक्रार करता येते. यात संकोचाचे काही कारण नाही. लबाडी खपवून घेतली तर शेजारच्या डब्यातला प्रामाणिक माणूस मार खातो. अब्बांना लांबचे डबे मिळायचे ते यामुळेच.

पण हक्क दोन्ही बाजूंना असतो. चहा घेण्याआधी पैसे हातात काढून ठेवा, म्हणजे स्टेशन आले म्हणून त्याला तुमच्यामागे धावावे लागणार नाही. मधली वाट मोकळी ठेवा. "ए चाय" म्हणून हाक मारण्यापेक्षा "भाऊ" म्हणायला जास्त वेळ लागत नाही. ऑर्डर दिली असेल तर ती घ्या, कारण परत पाठवलेली थाळी कोणाच्या तरी पगारातून जाते. आणि मुलांसमोर हे करा. माणसाशी कसे वागायचे हे मुले पुस्तकापेक्षा अशा पाच रुपयांच्या व्यवहारातून लवकर शिकतात.

अब्बांना जाऊन आता नऊ वर्षे झाली. त्यांच्या पेटीत गणवेशाची पट्टी, चिल्लरची रिकामी पिशवी आणि एक वही निघाली. वहीत रोजच्या विक्रीचा हिशेब होता. शेवटच्या पानांवर दोन रकाने होते. एका रकान्यात लोकांकडून यायचे राहिलेले पैसे: "अकोला, एस-७, दोन चहा, गाडी सुटली." त्यापुढे प्रत्येक ओळीत एकच शब्द, "माफ." दुसऱ्या रकान्यात त्यांनी द्यायचे राहिलेले पैसे: "बडनेरा, म्हातारी बाई, आठ रुपये परत द्यायचे राहिले." त्यापुढे "माफ" नव्हते. बाईला शोधणे शक्य नव्हते, म्हणून तिच्या नावाने तेवढे पैसे गरिबाला दिल्याची तारीख लिहिलेली होती. दुसऱ्या रकान्यातली एकही ओळ तारखेशिवाय राहिलेली नाही.